आगर अँड सॉल्ट

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात लायब्ररीच्या मागच्या खोलीत
चार कॉम्प्युटर आहेत. तीन चालतात.
डेटाबेसचा पासवर्ड भिंतीवर, सेलोटेपखाली पिवळा पडलेला,
त्याच्या खाली गोडांबे सरांचं अक्षर:
चपला बाहेर ठेवा. प्रश्न आत आणा.

विषय मंजूर झाला होता: पूर्व उपनगरांतली मिठागरं आणि तिथले मजूर.
शोधपेटीत पहिला शब्द टाकला तो घरचाच.
आगर.
ज्याच्यावरून आम्ही आगरी.
अठ्ठेचाळीस हजार दोनशे सहा निकाल.
मी खुर्ची पुढे ओढली.
एवढं लिहून ठेवलंय आपल्यावर,
आणि घरी कुणाला पत्ताच नाही!

पहिल्या निकालात काचेच्या बशीत जेली होती.
दुसऱ्यात जेलीवर जिवाणू.
तिसऱ्यात त्याच जिवाणूंची सदतीस अंशांवर रात्रभर झालेली वाढ.

अरुंद कर, सर म्हणाले. अँड लाव.
आगर अँड सॉल्ट.
तेव्हा कळलं, मिठाची जेलीही असते,
तिच्यावर गळवातले जंतू वाढवतात
आणि ते वाढले की ती पिवळी होते.

मग नॉट.
नॉट बॅक्टेरिया. नॉट लॅबोरेटरी. नॉट जेली.
मी नाही नाही म्हणत गेले,
उन्हात कोंडी आटावी तसे आकडे आटत गेले,
फक्त तळाशी मीठ नव्हतं.
आपल्या शोधाशी जुळणारं काहीही आढळलं नाही.
कृपया स्पेलिंग तपासा.

सरांनी चष्मा कपाळावर नेला.
तू तुझ्या कानानं लिहितेस, म्हणाले.
साहेबाला भांडुप कसं ऐकू आलं असेल, तसं लिही.
मी भांडुपमध्ये दोन ओ घातले.
चौदा.

अकरांना कुलूप. नुसता सारांश बघा,
बाकीचं एकोणचाळीस डॉलरला.
दोन पंजाबातल्या कुठल्याशा खाणीचे.
एक उघडला. एकोणीसशे एकोणसाठचा अहवाल;
साहेब केव्हाच गेला होता, त्याचं स्पेलिंग टंकलेखकाकडे राहिलं होतं.
पान एकसष्ट वाकडं स्कॅन झालेलं,
कडेला कुणाचातरी रबरी टोपी घातलेला अंगठा.
दोनशे पानांत माणसाचा दिसलेला तेवढाच भाग.
वर तक्ता. मजूर, स्त्रिया: २१२.

रात्री ठमाआत्याला दाखवलं.
तिला तक्ता वाचता येत नाही, पण आकडा ऐकून बसली.
दोनशे बारा?
आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली.
बायजा. पार्वतीची सासू. दोघी हिरू, एक काळी, एक लंगडी.
गोमू, ती भरतीच्या रात्री बाळंत झाली ती.
एकोणिसावर कुकरची शिट्टी झाली.
बाकीच्या पलीकडच्या आगरातल्या असतील, म्हणाली, आमचं त्यांचं पटत नव्हतं.
मग भात वाढता वाढता, मी विचारलं नसताना:
मीठ वढाचं तं पान्याला आदी लाडीगोडी लावाची.

हे वाक्य टिपेत कसं घालू, मी सरांना विचारलं.
त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं.
वैयक्तिक संवाद.
संदर्भसूचीत येत नाही.
बोट त्या ओळीवर जरा जास्तच वेळ राहिलं,
मग त्यांनी पुस्तक मिटलं
आणि पंखे बंद करायला उठले.

सूचीत नाही, तर मजकुरात घातली.
एकोणीसच्या एकोणीस, दोन्ही हिरूंसकट.
प्रबंधाच्या पहिल्या पानावर पाच बीजशब्द द्यायचे असतात.
चार इंग्रजीत दिले, सांगितल्यासारखे.
पाचवा मराठीत आणि रोमनमध्ये, दोन्ही.
त्याच्याखाली मशीननं लाल रेघ मारली. मी ती तशीच राहू दिली.

कधीतरी कुणी पोरगी
चपला बाहेर काढून त्या खोलीत बसेल, घरचा शब्द टाकेल.
अठ्ठेचाळीस हजार दोनशे सात.
मी बहुधा शेवटच्या पानावर असेन,
सगळ्या जेलीच्या पलीकडे.
तिनं तेवढं खाली यायला हवं.